टार्गेट प्राईसची पैसेवारी

मंडळी, पोस्ट मोठी आहे. ज्यांचं डीमॅट खातं आहे त्यांनी वाचाच, ज्यांचं नाही त्यांनी आधी वाचा.

गेल्या रविवारी आपल्या गावात एका मंगल कार्यालयात ‘गुंतवणूक मार्गदर्शन मेळावा’ झाला. चहा-पोहे फुकट, खुर्च्यांना लग्नातली पांढरी कव्हरं, दोनशे-अडीचशे माणूस. निवृत्त शिक्षक, एसटीतून रिटायर झालेले, दोन-चार द्राक्षबागायतदार, आणि कॉलेजची पोरं तर भरपूर. स्टेजवरच्या साहेबांनी एका कंपनीचा ‘व्हॅल्यूएशन रिपोर्ट’ पडद्यावर दाखवला. चौतीस पानं. आलेख, तक्ते, रंगीबेरंगी रकाने, आणि शेवटी लाल चौकटीत: योग्य किंमत १,१८७ रुपये ४० पैसे. आज शेअर सातशेच्या आसपास आहे, म्हणजे घ्या, साहेब म्हणाले.

माझ्या शेजारी गणिताचे एक निवृत्त सर बसले होते. ते उठले आणि म्हणाले, “बाकीचं राहू द्या. हे चाळीस पैसे कुठून आले तेवढं सांगा.”

साहेब हसून म्हणाले, “सर, ते मॉडेलमधून येतं.”

सभागृहात हशा झाला आणि विषय तिथेच संपला. सर खाली बसले. पण मला काही ते चाळीस पैसे सोडेनात. घरी येऊन मी जुनी कात्रणं काढली, माझ्या एका सीए मित्राला दोन संध्याकाळी छळलं, आणि आता हे लिहितोय. मी कॉमर्सवाला नाही हे आधीच सांगतो. पत्रकारितेचा डिप्लोमा आणि वीस वर्षांची तालुक्याची बातमीदारी, एवढंच भांडवल. पण तालुक्याच्या बातमीदाराला एक गोष्ट पक्की कळते, ती म्हणजे पैसेवारी.

पैसेवारी कशी लागते ते तुम्हाला सांगायला नको. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या खाली आली तर टंचाईच्या सवलती, वर गेली तर काही नाही. आणि मग गावच्या गाव ‘५१ पैसे’ निघतात! शिवारात उभं राहिलं तर डोळ्याला जळालेलं पीक दिसतं, कागदावर एक्कावन्न. पीक कापणीचे प्रयोग झालेले असतात, तक्ते भरलेले असतात, सह्या असतात. सगळं पद्धतशीर. फक्त आकडा कुठे येऊन थांबायला हवा हे कुणालातरी आधीपासून माहीत असतं.

शेअरच्या ‘योग्य किमती’चं बरंचसं असंच आहे, असं माझं म्हणणं आहे. मोघम आरोप नको म्हणून हिशेब मांडतो.

या मॉडेलांत सगळ्यात मानाचं मॉडेल डीसीएफ. कंपनीच्या हातात पुढे वर्षानुवर्षं जो पैसा उरेल त्याचा अंदाज करायचा आणि तो आजच्या किमतीत आणायचा, कारण दहा वर्षांनी मिळणारे शंभर रुपये आजचे शंभर नव्हेत. तत्त्व चोख आहे. माझी आजी भिशी याच तत्त्वावर चालवायची.

आता एक गुऱ्हाळ धरा. सगळा खर्च जाऊन पुढच्या वर्षी मालकाच्या हातात १० लाख राहणार आहेत. हा पैसा दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढेल असं धरू, आणि जोखीम बघता आपल्याला १२ टक्के परतावा हवा. बारातून चार वजा, राहिले आठ. १० लाख भागिले आठ टक्के, म्हणजे गुऱ्हाळाची किंमत सव्वा कोटी. वाढ चारऐवजी सहा टक्के धरली की तीच किंमत एक कोटी सदुसष्ट लाख. वाढ सात आणि अपेक्षित परतावा अकरा धरला की अडीच कोटी.

कढई तीच, चुलवण तेच, ऊस त्याच शेतकऱ्यांचा. दोन रकान्यांत थोडा फरक केला आणि किंमत दुप्पट झाली. यात खोटं कुणी बोललेलं नाही बरं का! सात टक्के वाढ होणारच नाही असं छातीठोक कोण सांगणार?

पुढचं अजून मजेशीर आहे. सव्वा कोटीच्या हिशेबात पहिल्या पाच वर्षांचा वाटा किती? जेमतेम ३९ लाख. उरलेले ८६ लाख पाच वर्षांनंतरच्या काळाचे. अडीच कोटीवाल्या हिशेबात तर दोन कोटी आठ लाख पाच वर्षांनंतरचे. म्हणजे रिपोर्टच्या चौतीस पानांपैकी तीस पानं ज्या पाच वर्षांच्या तक्त्यांनी भरलेली असतात, त्यांच्यावर किंमत फारशी टेकलेलीच नसते. ती टेकलेली असते शेवटच्या एका ओळीवर, ‘त्यानंतर कायम इतके टक्के वाढ’. कायम! आमच्याकडे पुढच्या गळीत हंगामात कारखाना किती दिवस चालेल ते सांगता येत नाही, आणि हे कायमचं सांगतात.

आता खरी उदाहरणं घेऊ, आणि सुरुवात घराघरातल्या नावापासून करू.

एलआयसीचा आयपीओ मे २०२२ मध्ये आला. आठवतंय ना? त्याआधी फेब्रुवारीअखेरपर्यंत पॉलिसीला पॅन जोडायची कशी धावपळ होती! ज्यांनी आयुष्यात शेअर बघितला नव्हता अशांनी डीमॅट खाती उघडली. किंमतपट्टा ९०२ ते ९४९ रुपये. पॉलिसीधारकाला ६० रुपयांची सूट, म्हणजे ८८९ ला शेअर. पंधरा शेअरचा लॉट, १३,३३५ रुपये.

हे ९४९ कुठून आले? आयुर्विमा कंपनीसाठी वेगळं मॉडेल असतं, त्याला एम्बेडेड व्हॅल्यू म्हणतात. कंपनीची स्वतःची निव्वळ मालमत्ता अधिक आजवर विकलेल्या पॉलिसींतून पुढे जो नफा मिळेल त्याची आजची किंमत. मिलिमन या नामांकित सल्लागार संस्थेने तो आकडा काढला. ३० सप्टेंबर २०२१ ला सुमारे ५ लाख ३९ हजार कोटी रुपये.

आणि त्याच्या सहाच महिने आधी, मार्च २०२१ ला, हाच आकडा किती होता? सुमारे ९५ हजार ६०० कोटी.

पुन्हा वाचा. सहा महिन्यांत साडेपाच पट. एजंटांनी रात्रीचा दिवस करून साडेपाच पट पॉलिसी विकल्या काय? नाही. कायदा बदलला. आधी एलआयसीचा आयुर्विम्याचा सगळा पैसा एकाच फंडात असायचा, आणि वरकड रकमेतले ९५ टक्के पॉलिसीधारकांचे, ५ टक्के सरकारचे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर फंडाचे दोन भाग झाले. बोनसवाल्या पॉलिसींचा एक, बिनबोनसच्या पॉलिसींचा दुसरा. बिनबोनसच्या फंडातली सगळी वरकड रक्कम भागधारकांची ठरली, आणि बोनसवाल्या फंडातला भागधारकांचा वाटाही टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत न्यायचं ठरलं.

वाटणीची रेघ सरकली तसं ‘मूल्य’ जन्माला आलं. ज्याच्या बाजूने रेघ आत सरकली तो पॉलिसीधारक, म्हणजे तुम्ही आम्ही, आणि आपल्यालाच शेअरमागे ६० रुपये सूट देऊन ‘हे घ्या, तुमची खास कॅटेगरी’ म्हणून रांगेत उभं केलं. खासगी विमा कंपन्यांतही ९०-१० चीच वाटणी असते आणि कंपनी बाजारात आणायची तर हे करावंच लागतं, असं उत्तर यावर मिळतं. असेल. पण मग तो वाटणीचा निर्णय आहे असं सरळ म्हणा. कंपनीत लपलेली किंमत आम्ही शोधून काढली, असा आव कशाला?

पुढचं ऐका. त्या काळात एलआयसीची किंमत १२-१५ लाख कोटी होईल असे आकडे छापून येत होते. हिशेब साधा होता. खासगी विमा कंपन्यांचे शेअर त्यांच्या एम्बेडेड व्हॅल्यूच्या अडीच-तीन पटीने विकले जातात, मग एलआयसीला तशीच पट लावा. मग युक्रेनचं युद्ध लागलं, बाजार पडला, सरकारने ५ टक्क्यांऐवजी साडेतीन टक्केच हिस्सा काढला आणि किंमत ठेवली ९४९, म्हणजे सगळ्या कंपनीची ६ लाख कोटी. पट १.१. एकाच कंपनीला, एकाच वर्षात, एकाच पद्धतीने पंधरा लाख कोटीही म्हणता आलं आणि सहा लाख कोटीही. विरोधक म्हणाले, देशाची संपत्ती मातीमोल भावात विकली. १७ मे ला बाजार उघडला तर मुंबई शेअर बाजारात पहिला भाव ८६७. म्हणजे बाजाराच्या मते सहा लाख कोटीही जास्तच होते! त्या दिवशी ८७५ च्या आसपास बंद झाला, सूट मिळालेला पॉलिसीधारकसुद्धा तोट्यात. मार्च २०२३ मध्ये भाव ५३० पर्यंत उतरला. गंमत म्हणजे याच काळात कागदावरची एम्बेडेड व्हॅल्यू वाढत होती. ५ लाख ३९ हजार कोटीची मार्च २०२३ ला ५ लाख ८२ हजार कोटी झाली. मॉडेल वर, भाव खाली. आणि २०२४ मध्ये तोच शेअर हजाराच्या वर गेला.

यातली योग्य किंमत कोणती होती? मेळाव्यातल्या साहेबांना विचारून बघा. ते ‘लाँग टर्म’ म्हणतील.

पेटीएमचं सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातला एक भाग लोक विसरतात. नोव्हेंबर २०२१, शेअर २,१५० रुपयांना, १८,३०० कोटींचा आयपीओ, तोपर्यंतचा देशातला सगळ्यात मोठा. कंपनी तोट्यात होती, आधीच्या आर्थिक वर्षाचा तोटा १,७०० कोटींच्या घरात. नफाच नाही तर नफ्याच्या किती पट भाव हे कसं सांगणार? म्हणून विक्रीच्या किती पट, असं मोजायचं. (किराणा दुकान उधारीत बुडालेलं असलं तरी गल्ला किती मोठा यावर पागडी मागायची, तसं.) पहिल्याच दिवशी शेअर २७ टक्के पडला. वर्षभरात साडेचारशेच्या खाली गेला.

मॅक्वायरी या दलाली संस्थेने तेव्हाच सांगितलं होतं की याची किंमत १,२०० च्या वर नाही. शाबास, त्यांचं कौतुक झालंच पाहिजे. सगळे ढोल वाजवत असताना त्यांनी उलटं लिहिलं. पण पुढे बघा. मार्च २०२२ मध्ये त्यांचंच टार्गेट ४५०. फेब्रुवारी २०२३ मध्ये ८००, म्हणजे घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये, रिझर्व्ह बँकेने पेमेंट्स बँकेवर कारवाई केल्यावर, २७५. सव्वादोन वर्षांत १,२००, ४५०, ८००, २७५. ही सगळ्यात हुशार ठरलेल्या माणसांची कामगिरी. बाकीच्यांचं मी लिहीतच नाही. यात त्यांची लबाडी आहे असं मी म्हणत नाही. बातमी बदलली, त्यांनी आकडा बदलला. पण मग तो आकडा म्हणजे त्या दिवसाचं मत झालं. मत म्हणून विका ना. किंमत म्हणून का विकता?

आणि झोमॅटो. न्यूयॉर्कमध्ये शिकवणारे अस्वथ दामोदरन हे या विषयातलं जगात मानलं जाणारं नाव, मूळचे चेन्नईचे. जुलै २०२१ मध्ये झोमॅटोचा आयपीओ ७६ रुपयांना आला तेव्हा त्यांनी आपला हिशेब जाहीर मांडला, शेअरची किंमत सुमारे ४१ रुपये. लोकांनी त्यांची टर उडवली, कारण शेअर पहिल्याच दिवशी सव्वाशेला पोचला होता. बरोबर एक वर्षाने, जुलै २०२२ मध्ये, शेअर आला ४१ च्या आसपास! मग त्याच लोकांनी त्यांना देव केलं. पुढे २०२४ च्या अखेरीला तोच शेअर तीनशेच्या आसपास होता. आता काय म्हणायचं? ४१ बरोबर की चूक? ज्याने ४१ चा हिशेब मानून शेअर घेतलाच नाही त्याचं वर्षभर भलं झालं, आणि जो त्या हिशेबावरच बसून राहिला त्याने पुढची सातपट घालवली.

दामोदरन यांच्याबद्दल मला आदर वाटतो तो एवढ्यासाठी की त्यांनी गृहीतकं उघडी ठेवली. बाजार किती वाढेल, त्यात कंपनीचा वाटा किती, मार्जिन किती, सगळं मांडलं. पटत नसेल तर आकडे बदला आणि तुमची किंमत काढा, असं तेच सांगतात. आपल्या मंगल कार्यालयात चौतीसपैकी एकाही पानावर हे नव्हतं.

माझा सीए मित्र हे सगळं ऐकून वैतागला. म्हणाला, “अरे, मॉडेल चुकत नसतं. त्यात आकडे भरणारा चुकतो. थर्मामीटर फोडून ताप उतरतो का?” त्याचं म्हणणं अर्धं मला मान्य आहे. वीजवाहिनी, टोलरस्ता, सरकारी रोखे, जिथे पुढे येणारा पैसा करारात लिहिलेला असतो तिथे हे गणित छान चालतं. बँका, कारखाने वर्षानुवर्षं त्यावर प्रकल्प तोलतात. आणि मॉडेल नको म्हणून काय, अफवेवर घ्यायचं? तेही नको. १९९२ पर्यंत आपल्या देशात कंपनीने शेअर किती रुपयांना विकायचा हे दिल्लीतला कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज सूत्राने ठरवायचा. मालमत्तेचं मूल्य आणि नफ्याचं मूल्य यांची सांगड घालून एक आकडा. तो बहुतेकदा बाजारापेक्षा बराच खाली असायचा. ते कार्यालय बंद झालं ते बरंच झालं. सूत्र सरकारचं असो की दलालाचं, आकड्याचा हट्ट तोच.

पण थर्मामीटरची उपमा मला मान्य नाही. थर्मामीटर रुग्णाला बघून ताप सांगतो. इथे ताप किती दाखवायचा ते औषध विकणारा ठरवतो. आयपीओ आणणाऱ्या मर्चंट बँकरला फी देते ती कंपनी. दलालाला पैसे मिळतात तुम्ही व्यवहार केलात तर. ‘काहीच करू नका, गप्प बसा’ असं सांगणाऱ्या रिपोर्टला या धंद्यात गिऱ्हाईक नाही.

आणि एक उलटं उदाहरण, नाहीतर म्हणाल एकच बाजू मांडली. एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स नावाची मुंबईची एक छोटी कंपनी. तिच्याकडे एशियन पेंट्सचे शेअर गठ्ठ्याने पडलेले. एका शेअरमागची मालमत्ता लाखांत, आणि बाजारातला भाव साडेतीन रुपये! कारण त्या भावात विकायला कुणी येतच नव्हतं. सेबीने अशा कंपन्यांसाठी खास लिलाव घ्यायला लावला, आणि २९ ऑक्टोबर २०२४ ला भाव ३ रुपये ५३ पैशांवरून एका दिवसात २ लाख ३६ हजार २५० रुपये झाला. इथे मॉडेल बरोबर होतं आणि भाव चुकीचा, तोही वर्षानुवर्षं. पण बरोबर असून कुणाच्या पदरात काय पडलं? साडेतीन रुपयांत शेअर मिळतच नव्हता.

आता थोडं स्वतःबद्दल. २०२१ मध्ये आयपीओंची लाट होती तेव्हा मी आमच्या पुरवणीत आलेल्या प्रेसनोट जशाच्या तशा छापल्या आहेत. ‘तज्ज्ञांच्या मते शेअर इतक्यावर जाणार.’ तज्ज्ञ कोण, त्यांना पैसे कोण देतं, मी विचारलं नाही. जाहिरातीचं पान होतं, दिवाळी जवळ होती. एवढंच नाही, अशाच एका लाल चौकटीवर विश्वास ठेवून मी स्वतः चाळीस हजार घातले. त्यातले अकरा हजार परत आले. बायकोला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही, आज या पोस्टमधून कळेल. तेव्हा मला फसवलं असं मी म्हणणार नाही. रिपोर्टमध्ये ‘गृहीतके बदलल्यास किंमत बदलू शकते’ असं शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात होतंच की.

त्या चाळीस पैशांमागे नेमकं हेच आहे. ‘सातशे ते सतराशेच्या मधे काहीही होऊ शकतं’ असं खरं सांगितलं असतं तर त्या रविवारी एकाही माणसाने फॉर्म भरला नसता. १,१८७ रुपये ४० पैसे म्हटल्यावर बत्तीस जणांनी भरला. मी दारात उभा राहून मोजले. त्यातले दोघे नुकताच ग्रॅच्युइटीचा चेक घेतलेले होते, आणि एकाने उसाच्या बिलाचे पैसे पुढच्या आठवड्यात येतील तेव्हा टाकतो म्हणून नाव लिहून ठेवलं. त्या तिघांना मी ओळखतो. त्यांच्यासाठीच ही पोस्ट. काका, वाचताय ना?

आयोजक तुम्हीही वाचता हे मला माहीत आहे, मागच्या पोस्टवर तुमच्या दोघांचे लाईक होते. येत्या रविवारी पुन्हा मेळावा आहे असा बोर्ड एसटी स्टँडसमोर लागलाय. तर स्टेजवरून एवढं सांगा. वाढीचा दर एक टक्का कमी धरला आणि परताव्याचा एक टक्का जास्त, तर तुमची लाल चौकट कितीवर येते? पाच वर्षांनंतरच्या काळाचा वाटा किंमतीत किती आहे? तीन वर्षांपूर्वी तुम्ही वाटलेल्या रिपोर्टांची टार्गेटं आणि आजचे भाव शेजारी शेजारी ठेवून एक तक्ता दाखवता का? आणि आम्ही शेअर घेतला तर तुम्हाला किती मिळतं, नाही घेतला तर किती?

गणिताचे सर येणार आहेत. मी जाणार आहे. पुढच्या रांगेत चार खुर्च्या धरून ठेवतो, ज्यांना यायचं त्यांनी खाली कळवा. पोहे मात्र घरून खाऊन या.